सुजेचा हात आणि प्लास्टर



स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्यामुळे एखाद्या बाईचा हात कायमचा सुजलेला राहतो. पुढे नेमके त्याच हाताचे मनगट मोडले तर काय करावे? त्यावर प्लास्टर घालू द्यावे की नाही? त्या हातावर सुरी चालविण्याची वेळ आली तर चालवू द्यावी की नाही? हा प्रश्न थोड्या घरांपुरता आहे असे वरवर वाटेल. पण ज्या घरात तो उभा राहतो तेथे त्याचे उत्तर त्याच दिवशी हवे असते. उत्तर ठाऊक नसले म्हणजे दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी नुकसान होते. एखादी बाई “या हाताला काही करायचं नाही असं मोठ्या दवाखान्यात सांगितलंय” म्हणून मोडलेले मनगट तसेच ठेवते आणि हाड वाकडे जुळते. दुसरी बाई कोणाला काही न सांगता घट्ट प्लास्टर घालून घेते आणि बोटे निळी पडेपर्यंत रात्रभर सोसते. ही दोन्ही नुकसाने टाळता येण्यासारखी आहेत, आणि ती कशी टाळावी हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकविणारा माणूस आहे. वैद्यकशास्त्रात ज्या गोष्टी ठरून गेल्या आहेत त्या सोप्या करून सांगाव्यात, इतकाच माझा अधिकार. तुमच्या हातापुरता शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच राहील.

प्रथम ही सूज म्हणजे काय ते पाहू. रक्त अंगात फिरते हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पण रक्ताशिवाय आणखी एक द्रव आपल्या शरीरात सारखा वाहत असतो, त्याची ओळख फार थोड्यांना असते. त्याला लसिका म्हणतात. आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फडाची शेती शेकडो वर्षे चालत आलेली आहे. नदीला बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी आणावयाचे आणि पाळीपाळीने ते शेतांना द्यावयाचे. पण शेतकऱ्याला हेही पक्के ठाऊक असते की, पाणी आणण्याची जशी सोय लागते तशी जादा पाणी काढून देण्याचीही लागते. निचऱ्याचा चर बुजला की शेत चिबडते, पिकाच्या मुळ्या कुजू लागतात. शरीराचे तसेच आहे. रक्तवाहिन्या हे पाट. अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून पाण्याचा अंश पाझरून मांसात उतरतो, पेशींना पोसतो आणि मागे उरलेला भाग, त्यातल्या प्रथिनांसह, गोळा करून गळ्याच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरेत परत नेऊन सोडतात त्या लसिकावाहिन्या. त्या आपल्या देहाच्या निचऱ्याच्या चाऱ्या होत.

या चाऱ्यांच्या वाटेवर जागोजाग गाठी असतात: काखेत, जांघेत, मानेत. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ते अवधाण म्हणजे याच गाठीचे दुखणे. लसिकेतले जंतू व घाण अडवून धरण्याचे काम ती करीत असते. लसिका पुढे ढकलण्याला हृदयासारखा एक मोठा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती थोड्याथोड्या आवळतात, हातापायांचे स्नायू हलले की त्यांना दाब मिळतो आणि श्वास घेतला की छातीकडे ओढ लागते. एवढ्यावर सगळा प्रवाह चालतो. स्नायू हलले म्हणजे लसिका हलते, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे प्लास्टरच्या वेळी तिचा फार उपयोग आहे. या वाहिन्या मानवाला तशा उशिराच कळल्या. इटलीत आसेली नावाच्या वैद्याला १६२२ साली कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या, आणि त्याच शतकाच्या मध्याला स्वीडनच्या रुडबेकने व डेन्मार्कच्या बार्थोलिनने साऱ्या शरीरातल्या या जाळ्याचे वर्णन केले.

आता हाताची सूज येते कशी? स्तनाच्या कर्करोगात रोग प्रथम काखेतल्या गाठींकडे पसरतो, म्हणून पुष्कळदा स्तनाबरोबर त्या गाठीही काढाव्या लागतात. वर त्या जागी किरणोपचार झाले तर उरलेल्या वाहिन्याही आकसतात. चर बुजला, पाणी साचले. या सुजेला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या स्त्रियांत सुमारे पाचांत एकीला ती येते. अलीकडे, १९९० नंतरच्या काळात, आधी पहिली एकदोन गाठीच तपासून पाहावयाची आणि त्यांत रोग नसला तर बाकीच्या ठेवावयाच्या अशी पद्धत आली. तशा शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण सुमारे वीसांत एक इतके खाली येते. सूज शस्त्रक्रियेनंतर बहुधा दोनतीन वर्षांत दिसते, पण कधी दहा वर्षांनीही उगवते. विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत हत्तीरोगाच्या जंतामुळे येणारी सूज याच जातीची, मात्र ती बहुतेक पायाला येते.

ही सूज साध्या पाण्याची नव्हे. तिच्यात प्रथिने साचतात, आणि कालांतराने मांस घट्ट व कातडी जाड होत जाते. म्हणून लघवी होण्याच्या गोळ्या घेऊन ती उतरत नाही. उपाय आहेत ते असे: कातडीची निगा, तज्ज्ञाने शिकविलेला हलका मसाज, पट्ट्यांचा किंवा घट्ट बाहीचा बेताचा दाब, आणि व्यायाम. साचलेल्या लसिकेत जंतू लवकर वाढतात. साधा ओरखडा पिकून हात लाल होतो, थंडी वाजून ताप भरतो, आणि अशा प्रत्येक तापानंतर सूज आणखी थोडी वाढून राहते.

म्हणूनच मोठ्या रुग्णालयातून निघताना बाईला सांगितले जाते की, या हाताला सुई टोचून घेऊ नका, रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नका, जड ओझे उचलू नका. सल्ला काळजीपोटी दिलेला असतो. अलीकडच्या अभ्यासांत असे दिसून आले की, एखादी सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा यांमुळे सूज येते असे ठामपणे सांगण्यास पुरावा नाही. तरीही हात आधीच सुजलेला असला तर, आणि दुसरा हात मोकळा असला तर, सुई, सलाईन व रक्तदाब यांना दुसराच हात द्यावा हे शहाणपणाचे. पण या सल्ल्याचा अर्थ “या हाताला उपचारच करायचा नाही” असा मुळीच नाही. हाड मोडले असेल तर ते बसवलेच पाहिजे. हातात पू झाला तर तो काढलाच पाहिजे. आणि जिवावरचा प्रसंग असेल तर सलाईन जो हात सापडेल त्याला लावावी. तेथे वाद घालू नये.

हात सुजलेला आणि मनगट मोडलेले, असा योग वाटतो तितका विरळा नाही. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होत जातात. स्तनाच्या कर्करोगानंतर पुष्कळ जणींना वर्षानुवर्षे ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांपैकी काही शरीरातल्या स्त्रीरसावर काम करतात आणि हाडे अधिक ठिसूळ करतात. अशी बाई मोरीच्या ओल्या फरशीवर किंवा केळीच्या बागेत चिखलात घसरते, पडताना हात पुढे टेकते, आणि सगळा भार मनगटावर येऊन ते मोडते. उतारवयातल्या बायकांत वरचेवर मोडणाऱ्या हाडांपैकी हे एक.

पडल्यानंतरच्या पहिल्या घटकेत घरच्यांनी काय करावे? सर्वांत आधी अंगठी आणि बांगड्या काढाव्यात. मोडलेला हात भरभर सुजतो. त्यात लसिकेची सूज आधीच असली तर तासाभरात अंगठी बोटात रुतते आणि बोटाचे रक्त बंद होते. साबणाचे पाणी लावून अंगठी फिरवत काढावी, निघत नसेल तर दवाखान्यात कापून घ्यावी. बांगडी निघत नसेल तर ती जपून वाढवावी. यात अशुभ काही नाही. सोन्याची पाटली कापावी लागली तर सोनार ती पुन्हा जोडून देतो. बोट गेले तर जोडणारा कोणी नाही. नंतर हाताला खालून पुठ्ठा किंवा घडी घातलेले जाड वर्तमानपत्र द्यावे, मऊ कापडाने सैल बांधावे, हात छातीपाशी उंच धरून दवाखाना गाठावा.

हाडवैद्याकडे जाऊन कामट्यांनी घट्ट आवळून घेण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. निरोगी हातालाही त्यात धोका असतो. सुजेच्या हाताला तो कितीतरी पटींनी अधिक. आवळलेल्या पट्टीखाली सूज वाढते, रक्त थांबते, आणि हात काळा पडून कापावा लागल्याची उदाहरणे वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहेत. तेल लावून जोराने रगडणे, कढत शेक देणे, डाग देणे हे प्रकारही या हाताला वर्ज्य समजावेत. उष्णतेने हाताकडे रक्त अधिक येते, पाझर वाढतो, आणि निचरा तर आधीच बंद असतो.

आता मुख्य गोष्ट, प्लास्टर. चुन्यासारख्या दिसणाऱ्या पुडीच्या पट्ट्या ओल्या करून गुंडाळावयाच्या आणि त्या हातावरच दगडासारख्या कठीण होऊ द्यावयाच्या, ही युक्ती मॅथायसन नावाच्या एका डच लष्करी सर्जनने १८५२ साली प्रसिद्ध केली. मोडलेले हाड न हलता राहावे हा तिचा उद्देश. पण प्लास्टर ताणत नाही. मोड ताजा असताना पहिले दोनतीन दिवस हात सुजतच जातो. मग कठीण नळीच्या आत सूज जाणार कोठे? ती आतल्याआत दाबते. ज्या हाताचा निचरा चांगला आहे त्याची सूज काही दिवसांत उतरते. ज्याचा निचरा बुजलेला आहे त्याची सूज अधिक चढते आणि सावकाश उतरते. धोका आहे तो एवढ्यातच, आणि उपाययोजनाही याच एका गोष्टीभोवती फिरते.

म्हणून अशा हाताला पहिल्या दिवशी बहुधा सर्व बाजूंनी बंद असे पक्के प्लास्टर घालीत नाहीत. एका बाजूने पन्हळीसारखी पट्टी ठेवून वरून मऊ पट्टी गुंडाळतात. त्याला आपण कच्चे प्लास्टर म्हणतो. सूज चढली तर त्याला पसरावयास जागा राहते. पक्केच घालणे भाग असेल तर ते उभे चिरून ठेवता येते. आत कापसाचा थर पुरेसा हवा. बोटांची पेरे मोकळी हवीत, म्हणजे मूठ पूर्ण वळली पाहिजे आणि बोटांचा रंग दिसला पाहिजे. वरची कड दंडात किंवा कोपरापाशी रुतता कामा नये, कारण तेथे घट्ट कडे बसले तर उरलासुरला निचराही बंद होतो. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा दाखवावयाचा, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

सूज ओसरल्यावर पक्के प्लास्टर घालतात. ते झाले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. सुजेचा हात आत बारीक होत जातो आणि प्लास्टर ढिले होते. ढिल्या प्लास्टरात बसवलेले हाड सरकते. म्हणून पहिले दोनतीन आठवडे मधूनमधून क्ष-किरण तपासणी करणे व गरज पडल्यास प्लास्टर बदलणे आवश्यक असते. मोड स्थिर असेल तर काही वेळा काढता-घालता येणारा आधार, म्हणजे स्प्लिंट, देता येतो. त्यामुळे कातडी पाहता येते आणि सुजेवर लक्ष राहते. काही मोडांत धातूची पट्टी बसवून प्लास्टरचे दिवस कमी करता येतात. यांपैकी काय करावे ते अस्थितज्ज्ञ ठरवतील. पण हाताला लसिकेची सूज आहे हे त्यांना कळले, तरच ते या सगळ्याचा विचार करतील.

प्लास्टर घालून घरी आल्यावर धोक्याची चिन्हे कोणती, ती सगळ्या घराने पाठ करावीत. दुखणे मोडाच्या मानाने फारच जास्त असून गोळीने कमी न होता वाढत जाणे. दुसऱ्याने बोटे हलकेच सरळ केली तर कळ मस्तकात जाणे. बोटे बधिर होणे, मुंग्या येणे. बोटे पांढरी, निळी किंवा थंड पडणे. बोटे हलविता न येणे. नख दाबून सोडले तर पांढरेपणा जाऊन लाली दोनएक सेकंदांत परत यावयास हवी. ती परतली नाही तर रक्त पोहोचत नाही असे समजावे. यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा व प्लास्टर आतल्या कापसासकट वरपासून खालपर्यंत मोकळे करून घ्यावे. अशा वेळी हात अधिकाधिक उंच करीत बसण्याने उपयोग होत नाही; उलट रक्त आणखी कमी पोहोचते. दवाखाना लांब असेल तर कच्च्या प्लास्टरवरची पट्टी वाटेत सैल करावी का, हे घरी निघतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्नायूंत दाब वाढून ते काही तासांत मरतात, आणि मग हाड जुळूनही हात निकामीच राहतो. “थोडं सोसावं, उद्या बरं वाटेल” ही आपल्या मायबहिणींची सवय येथे फार महाग पडते.

धोक्याचे काही नसले तर रोजचा क्रम सोपा आहे. पहिले काही दिवस हात हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. झोपताना गोधडीची घडी किंवा दोन उशा घेऊन कोपर व हात त्यांवर टेकवावेत. गळ्यात झोळी बांधली असेल तर हाताचा पंजा कोपरापेक्षा खाली लोंबू देऊ नये. दर तासाला जागेपणी मूठ वळावी व सोडावी, दहापंधरा वेळा. कोपर मोकळे असेल तर तेही वाकवावे, आणि दिवसातून तीनचार वेळा खांदा वर व बाजूला न्यावा. नाहीतर मनगट बरे होते आणि खांदा आखडून बसतो. मघाशी सांगितलेच आहे की, लसिका स्नायूंच्या हालचालीने पुढे सरकते. प्लास्टरच्या आत स्नायू आवळले म्हणजे बाहेरचे कठीण कवच त्यांना आधार देते आणि निचऱ्याला एक प्रकारे मदतच होते. सावकाश दीर्घ श्वास घेण्याचाही उपयोग आहे.

नेहमीची घट्ट बाही प्लास्टरखाली किंवा त्याच्यावरून ओढूनताणून घालू नये. प्लास्टरच्या वर दंडाला स्वतःच्या मनाने पट्टी आवळू नये. दंड सुजू लागला तर तेथे पट्ट्या कशा बांधावयाच्या ते या कामाचे शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टला विचारावे. मान, छाती व पलीकडची काख येथे हलक्या हाताने मसाज करून लसिकेला दुसरी वाट देता येते. तोही त्यांच्याकडून शिकूनच करावा. आणि आत खाज सुटली म्हणून विणकामाची सुई किंवा काडी प्लास्टरात घालू नये. बारीकसा ओरखडा आत पिकतो आणि बाहेरून दिसत नाही. प्लास्टरखालून दुर्गंध आला, ओल दिसली किंवा ताप आला तर ताबडतोब दाखवावे.

आता शस्त्रक्रियेविषयी. तातडीची असेल तर प्रश्नच नाही. पण सवडीने करता येण्याजोग्या काही असतात. मनगटात नस दबून हाताला मुंग्या येतात, रात्री बोटे बधिर होतात. ती नस मोकळी करण्याची लहान शस्त्रक्रिया असते. काखेतल्या गाठी काढलेल्या रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया करून पाहिलेल्या आहेत. हे अभ्यास लहान आहेत, पण त्यांत बहुतेकांची सूज कायमची वाढलेली आढळली नाही. तेव्हा केवळ भीतीपोटी नस मरू देऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे हाताची सूज शक्य तितकी उतरवून घ्यावी. कातडीवर चीर, गळू किंवा नखुरडे असेल तर आधी ते बरे करावे. सर्जन व भूलतज्ज्ञ या दोघांनाही सुजेची कल्पना द्यावी, म्हणजे जंतुनाशक औषध वेळेवर देणे, रक्त थोपविण्याचा पट्टा कमीत कमी वेळ ठेवणे आणि सलाईन दुसऱ्या हाताला लावणे याकडे ते लक्ष देतील. नंतरची पट्टी गोल आवळलेली नसावी. चिकटपट्टी काढताना ताणलेली कातडी सोलली जाते, म्हणून ती जपून काढावी. बाही पुन्हा केव्हा घालावयाची ते सर्जनला विचारून ठरवावे. जखम भरण्यापूर्वी ती घाईने चढवू नये.

आता आपल्या भागाची एक खास अडचण सांगतो. खानदेशातले पुष्कळ रुग्ण कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला जातात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. शस्त्रक्रिया तिकडे होते, कागदपत्रे पेटीत पडून राहतात, आणि पाचसात वर्षांनी हात मोडतो तो इकडे, गावात. प्लास्टर घालणारा डॉक्टर तालुक्याचा असतो किंवा धुळ्या-जळगावच्या शासकीय रुग्णालयातला. त्याच्यासमोर शंभर माणसे उभी असतात. पदराखाली झाकलेला हात मुळातच सुजलेला होता की पडल्यामुळे सुजला, हे त्याला कोण सांगणार? स्तनाच्या दुखण्याचा उल्लेख चारचौघांत करावयास बाईला संकोच वाटतो, बरोबर आलेल्या मुलाला नीट माहिती नसते. सांगावयाचे राहून जाते, आणि पुढचा सगळा घोटाळा तेथून सुरू होतो.

यावर उपाय आहे एका चिठ्ठीचा, आणि येथे शिक्षकांची मदत हवी आहे. गावात अर्ज-पत्रे लिहून देण्याचे काम शिक्षक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. गावात अशी बाई असेल तर, तिची इच्छा असल्यास, एक चिठ्ठी ठळक अक्षरांत लिहून द्यावी. मजकूर असा: “माझ्या डाव्या काखेतील गाठी काढलेल्या आहेत. या हाताला लसिकेची सूज, म्हणजे लिम्फेडिमा, आहे. शक्य असल्यास सुई, सलाईन व रक्तदाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला लावावा. प्लास्टर घालताना सुजेला जागा ठेवावी व दुसऱ्या दिवशी हात तपासावा.” खाली शस्त्रक्रियेचे साल, रुग्णालयाचे नाव, चालू औषधे आणि एखादे औषध सोसत नसेल तर त्याचे नाव. एक प्रत बटव्यात, एक घरातल्या कर्त्या माणसापाशी, आणि हवी तर एक गावच्या आशा सेविकेकडे. तोंडाने सांगावयाचा संकोच कागदाला नसतो.

दुसरे काम मोजमापाचे. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही हातांचा घेर बोटांच्या मुळाशी, मनगटाला, मनगटाच्या वर दहा सेंटिमीटरवर आणि कोपराच्या वर दहा सेंटिमीटरवर मोजून वहीत तारखेसह लिहावा. दोन्ही हातांत एखाद्या जागी दोन सेंटिमीटर किंवा अधिक फरक असला तर डॉक्टरांना दाखवावा. ही मापे दोनतीन महिन्यांनी घेत गेल्यास, पुढे प्लास्टर निघाल्यावर हात पूर्वीइतका झाला की नाही हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

प्लास्टर निघते बहुधा पाचसहा आठवड्यांनी. आतला हात पाहून पुष्कळ जणी घाबरतात. कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेली, हात ताठ आणि सुजलेला. पापुद्रे खरवडून काढू नयेत. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी धुऊन, टिपून, खोबरेल तेल किंवा साधे मलम हलक्या हाताने लावावे. काही आठवडे सूज थोडी जास्त राहणे स्वाभाविक आहे. बाही पुन्हा सुरू करताना माप नव्याने घ्यावे. जुनी बाही आता ढिली किंवा घट्ट झालेली असू शकते, आणि रोजच्या वापरातली बाही तशीही सहाएक महिन्यांत आपला दाब गमावते. बोटे, मनगट, कोपर आणि खांदा यांचे व्यायाम रोज करावेत. काम हळूहळू वाढवावे; पहिल्याच आठवड्यात पाण्याची घागर किंवा केळीचा घड उचलू नये. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटे ओरबाडतात, विळ्याने चीर पडते, चुलीची आच लागते. तेव्हा शेतात हातमोजा घालावा आणि घरी आल्यावर हात धुऊन, नीट न्याहाळून पाहावा. हात लाल होऊन तापला व हुडहुडी भरली तर घरगुती लेप लावीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जंतुनाशक औषध वेळेवर मिळाले तर हे दुखणे बहुतेक आटोक्यात येते.

सारांश, सुजेच्या हाताला प्लास्टरही चालते आणि शस्त्रक्रियाही चालते. आधी सांगावयास हवे, सुजेला जागा ठेवावयास हवी, बोटे हलती ठेवावयास हवीत, आणि धोक्याचे चिन्ह दिसले की सोसत बसावयाचे नाही. ज्यांच्या घरी असा हात आहे त्यांनी ती चिठ्ठी या आठवड्यातच लिहून ठेवावी. हात मोडल्यावर ती लिहावयास सवड मिळत नाही.